वारा सांभाळणारे आतोबा

अख्ख्या सुपा पेट्याच्या मुलखात वाऱ्याला वेसण घालून दाखवणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. हे मी नात्याखातर म्हणत नाही. नात्याखातर बोलायचं असतं तर आतोबा अंगाने किडकिडीत, स्वभावाने प्रेमळ आणि मिशांना इंजिनाचं तेल लावणारे होते, एवढं सांगून मी गप्प बसलो असतो. पण जोयड्याच्या रानात, जिथे एप्रिलच्या दुपारी झाडाचं पान हलत नाही आणि म्हशी डबक्यातून बाहेर यायला नकार देतात, तिथे एका बंगल्याच्या दिवाणखान्यात छताला विजेचा पंखा गरगर फिरत होता, आणि त्या पंख्याला काही होऊ नये म्हणून शंभर पावलांवरच्या इंजिनाच्या छपरात एक माणूस तहानभूक विसरून पहारा देत होता, हे मी स्वतः पाहिलं आहे. अजूनही ते आठवलं की माझ्या अंगावर काटा उभा राहतो आणि पाठोपाठ हसू येतं.

पहिलं महायुद्ध संपून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. बेळगावच्या एका लाकूड व्यापाऱ्याने जोयड्याजवळ रानाच्या कडेला लाकूड कापायची गिरणी टाकली होती. मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा वडिलांनी मला खानापुराहून आत्याकडे पाठवून दिलं, आणि आतोबांनी मला त्या गिरणीत ओंडके मोजून त्यांच्यावर हातोडीने आकडे ठोकायच्या कामाला चिकटवलं. आतोबा स्वतः तिथले इंजिनवाले. वाफेचं ते जुनं इंजिन लाकडाचे तुकडे आणि भुसा खाऊन चाले. त्याच्या लांब दांड्यावरून एक पट्टा मोठ्या करवतीला गेला होता आणि दुसरा, मालकांच्या हौसेखातर, एका छोट्या डायनामोला. डायनामोतून तार निघून बंगल्यावर जाई, आणि तिथे चार दिवे आणि एक पंखा. सगळ्या रामायणाचं मूळ इथेच होतं. करवत आणि पंखा या एकाच इंजिनाच्या दोन सवती होत्या. जाड ओंडका करवतीखाली आला की इंजिनाला धाप लागे, वीज उतरे आणि बंगल्यातला पंखा लंगडू लागे. ओंडका चिरून करवत मोकळी झाली की तेच इंजिन असं उधळे की दिवे डोळ्यांत खुपण्याइतके पेटत आणि पंख्याच्या पोटातल्या तारा तापून वास सुटे. वेग आवरायला इंजिनावर दोन पितळी गोळे होते, पण ते झिजून गेले होते. आतोबा म्हणायचे, "गोळ्यांस्नी वय झालंया. पळत्या इंजनाला आता त्येंच्याच्यानं धरवत न्हाई."

दोन पंखे आधीच जळले होते. पहिला आतोबा यायच्या आधी. फ्यूजची तार सारखी वितळते म्हणून कुणा शहाण्याने तिच्या जागी खिळ्याएवढी जाड तार बसवली. मग फ्यूज शाबूत राहिला आणि पंखा गेला. दुसरा वळवाच्या पावसात वीज तारेवर उतरली तेव्हा गेला. तिसरा मुंबईहून रेल्वेने क्यासलरॉकला आणि तिथून गवतात गुंडाळून बैलगाडीने आला, तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर आतोबांना सांगून टाकलं, "हा शेवटचा. हा जळला तर डायनामो काढून टाकतो, आणि छताला पुन्हा कापडी पंखा बांधतो. दोरी ओढायला सोमा आहेच." सोमा म्हणजे बंगल्यावरचा, वयाआधीच म्हातारा झालेला गडी. विजेचा पंखा येण्याआधी व्हरांड्यात बसून कापडी पंख्याची दोरी ओढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि त्याचा उजवा खांदा असा निकामी झाला होता की हात कानाच्या वर जात नसे. आता तो बागेला पाणी घाली, व्हरांडा झाडी आणि उरलेला वेळ सुखाने खोकत बसे. मालक तसे दुष्ट नव्हते. ते फक्त फार जाड होते आणि त्यांना फार उकडायचं. पण त्यांचं ते बोलणं ऐकून आतोबा दोन दिवस धड जेवले नाहीत. नोकरी जायची भीती वाटली असेल, असं मी समजलो. मी तेव्हा बऱ्याच गोष्टी चुकीच्या समजत असे.

त्या दिवसापासून आतोबांनी पंख्याचं जे संरक्षण आरंभलं, त्याला तोड नव्हती. विजेचा जोर दाखवणारं एक काट्याचं यंत्र डायनामोबरोबर आलं होतं, पण त्याच्यावर आतोबांचा काडीचा विश्वास नव्हता. "काटा चिकटतोय. दिवा खोटं बोलत न्हाई," असं म्हणून त्यांनी आपल्या डोक्यावर एक दिवा टांगून घेतला होता आणि दिवसभर मान वर करून ते त्याच्याकडे बघत बसत. दिव्याच्या रंगांना त्यांनी आत्याच्या स्वयंपाकघरातली नावं दिली होती. वीज बरोबर असली की 'हळद'. उतरली, दिवा तांबडा पडला की 'कोकम'. चढली, दिवा पांढराफटक झाला की 'चुना'. "कोकम!" अशी आरोळी आली की भट्टीवरचा माणूस धावत जाऊन लाकडं कोंबी आणि करवतीवरची माणसं ओंडका मागे ओढत. "चुना!" ऐकू आलं की काय करायचं ते आतोबा एकटेच करत, कारण ते काम दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला ते तयार नव्हते. या सवयीने त्यांना घरीही सोडलं नाही. ओट्यावर बसून सूर्य मावळताना बघायचे आणि "कोकम झालं, कोकम झालं" म्हणत जागच्या जागी चुळबुळ करायचे. आत्या म्हणे, "आता जाऊन देवाच्या भट्टीत लाकडं घाला जावा."

'चुना' झाल्यावर करायचं काम म्हणजे लोढणं. डायनामोच्या शेजारी आतोबांनी एक मोठं लाकडी पिंप मिठाच्या पाण्याने भरून ठेवलं होतं. त्याच्यावर कप्पीवरून दोन लोखंडी पत्रे टांगलेले, आणि ते डायनामोच्या तारांना जोडलेले. वीज चढली की दोरी सोडायची. पत्रे पाण्यात जात, जादा वीज पंख्याच्या अंगावर जायच्या ऐवजी पाणी तापवण्यात खर्ची पडे, आणि उधळलेल्या इंजिनाला ओढायला काहीतरी ओझं मिळे. पळकुट्या गुराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधतात तसं हे आहे, असं त्यांनी मला समजावलं होतं, आणि पिंपाचं नावही तेच पडलं. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली होती की त्यांनी कुठे पाहिली होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आत्याला मात्र त्या पिंपाचं निराळंच दुःख होतं. एवढं चांगलं खारं पाणी वर्षभर नुसतं पडून राहतं, त्यात ना आंबा ना मिरची, हे तिला बघवत नसे. "मीठ काय झाडाला लागतंय?" असं ती येता जाता विचारायची.

आणि पाट! कोरड्या सागवानी पाटावर उभं राहिल्याशिवाय आतोबांनी आयुष्यात कधी विजेच्या खटक्याला हात लावला नाही. लाकडावर उभ्या माणसाला वीज ओळखत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते जिथे जातील तिथे बगलेत पाट असे. तो आत्याच्या जेवणाच्या चार पाटांपैकी एक होता, त्यामुळे त्यांच्या घरी चौथा माणूस नेहमी जमिनीवर बसून जेवला, आणि बहुतेक वेळा तो मीच असे. रविवारी गिरणी बंद असली की हे गृहस्थ आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पाट घेऊन बंगल्यावर जात. मेजावर पाट, पाटावर आतोबा, आणि हातात जुन्या धोतराचा मऊ तुकडा. पंख्याची एकेक पात पुसत, आत तेलाचे दोन थेंब सोडत, मग त्याच्या पोटाला कान लावून डोळे मिटून ऐकत. पंख्याशी ते अहोजाहोने बोलायचे. "काल त्रास झाला न्हवं तुमास्नी? करवतीवरच्या देवूनं मत्तीचा जाड ओंडका लावला व्हता. सांगितलंया त्याला." पण या पंख्याखाली आतोबा स्वतः एकदाही बसले नाहीत. एकदा मी आग्रह केला, मालक गावाला गेले होते, पंखा छान फिरत होता. आतोबा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "नको गा. मला वारा बाधतोय."

ज्यांना वारा बाधतो त्यांनी घरात वाऱ्याचे कायदे करू नयेत, पण आतोबांच्या घरात कायदा होता. कुणी कुणाला विंझण्याने वारा घालायचा तर वीस हेलकावे, आणि तेही मोजून, मोठ्याने. वीस झाले की विंझणा दुसऱ्याच्या हातात जाई आणि ज्याने वारा खाल्ला त्याने पहिल्याला वीस हेलकावे वारा घालायचा. माझे वडील एकदा उन्हातून चालत आले आणि जेवायला बसले. बहिणीने मायेने वारा घालायला घेतला. समोर आतोबा घास खाली ठेवून मोजताहेत. "अठरा, एकोणीस, वीस. बास! पाव्हणं, आता तुमची पाळी." वडील खानापुरातले मानी गृहस्थ. ते आधी हसले, मग रागावले, मग उजवा हात उष्टा म्हणून डाव्या हाताने त्यांनी बहिणीला मुकाट्याने वीस हेलकावे वारा घातला. जाताना मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "तुझे आतोबा बरे आहेत ना?" मी म्हटलं, "बरे आहेत, पण मोजतात."

आता त्या दिवसाकडे येतो. रेल्वेच्या रुळांखाली घालायची लाकडं पसंत करायला एक मोठे साहेब येणार असं ठरलं, आणि मालकांच्या अंगात आलं. बंगल्याला चुना काढला, अंगणात भुसा टाकून धूळ बसवली, आणि आतोबांना बोलावून हुकूम झाला की साहेब दिवाणखान्यात असेतोवर पंखा एक क्षणभरसुद्धा थांबता कामा नये. इथवर ठीक होतं. पण भरवसा नको म्हणून मालकांनी अडगळीतून जुना कापडी पंखाही काढला, झटकला आणि विजेच्या पंख्याच्या शेजारी बांधून घेतला. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात आली. विजेचा पंखा अडखळला की सोमाने दोरी ओढायची, आणि मग ती दोरी पुन्हा कायमचीच, हे सोमालाही कळत होतं आणि आम्हालाही. आदल्या दिवशी मी त्या म्हाताऱ्याला व्हरांड्यात बघितलं. दोरीचं टोक मांडीवर घेऊन तो खांद्याला तेल चोळत होता.

आतोबा करवतीवरच्या माणसांकडे गेले. त्यांचा म्होरक्या देवू, अणशीकडचा शेतकरी. भात कापून झालं की गिरणीवर यायचा. ओंडक्याची साल हुंगून तो लाकडाचं वय सांगे. आतोबा पाटावर उभे राहिले, खटका नसताना सुद्धा, आणि म्हणाले, "देवू, उद्या जाड लाकूड लावायचं न्हाई. बारीक, आनि सावकाश. उद्या पंख्याला इंजान कमी पडता कामा न्हाई. सोमाच्या खांद्याचा सवाल हाय." देवूने छातीवर हात ठेवला. "मामा, काळजीच सोडा. उद्या इंजान कमी पडलं तर माझं नाव बदला." आतोबांनी त्यांना कोकमाविषयी सगळं सांगितलं. चुन्याविषयी सांगायचं त्यांना सुचलंच नाही, कारण चुना हा त्यांचा स्वतःचा, खाजगी प्रांत होता.

साहेब दहाच्या सुमारास आले. मी छपरात आतोबांच्या बाजूला उभा. दिवा हळद. करवतीचा बारीक आवाज. आतोबा पाटावर उभे, मिशांना ताजं तेल, नजर वर. बंगल्यातून निरोप आला की साहेब पंख्याखाली बसले, सरबत घेतलं, पंखा झकास चालला आहे. मी म्हटलं, "आतोबा, जिंकलात!" आणि त्याच क्षणी करवत थांबली.

अशी बेताबेताने नाही, तर एकदम थांबली. देवूने पट्टाच करवतीवरून उतरवून बाजूला सारला होता. इंजिनाने एक सुस्कारा टाकला आणि ते सुटलं! दांडा घोंघावायला लागला, छपराची कौलं थरथरली, डोक्यावरचा दिवा हळदीचा पांढरा झाला, पांढऱ्याचा निळसर झाला. "चुना!" आतोबा किंचाळले. वाफेची कळ बंद करावी तर ती गंजलेली, दोन माणसांनी बराच वेळ पिळली तर वळे. खटका पाडावा तर पंखा थांबणार आणि सोमाची दोरी चालू होणार. आतोबांनी लोढण्याची दोरी सोडली. कप्पी करकरली, पत्रे धाडकन खाली आले आणि पाण्याच्या तोंडाशी अडकून बसले. पिंपात खच्चून तोरं भरली होती! आत्याने आदल्या रात्री, मीठ फुकट जातंय म्हणून, टोपलीभर कोवळे आंबे त्यात सोडून वर झाकण ठेवलं होतं, आणि झाकण काढून ठेवतानाही आमच्यापैकी कुणी आत डोकावलं नव्हतं.

"काय हाय ह्ये?"

"आंबे, आतोबा!"

"आंबे?" या एका शब्दात त्यांनी आपल्या संसाराचा सगळा इतिहास भरला. मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ते पाटावरून खाली उतरले. अनवाणी, ओल्या जमिनीवर. ज्या माणसाने पाटाशिवाय खटक्याकडे नुसतं बोटही केलं नव्हतं, तो जमिनीवर उभा राहिला, पाट दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या कोरड्या फळीने पत्रे आंब्यांमधून खाली दाबायला लागला. आंबे उसळून बाहेर उडत होते. पाणी सळसळलं, वाफ निघाली, घशाला झोंबणारा वास सुटला. मी पुढे झालो तर ओरडले, "हात लावू नगंस! देवूकडं पळ! ओंडका लावाय सांग!"

मी पळालो. करवतीच्या मांडवात सगळी माणसं हात जोडून, टोप्या काढून ओळीने उभी होती आणि देवू हसत होता. त्याच्याइतका समाधानी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"देवू, करवत लाव! लवकर!"

"न्हाई न्हाई, पाव्हणं," देवू म्हणाला. "आज सगळंच्या सगळं इंजान पंख्याला दिलंया. मामास्नी सांगा, आमचं वाटं बी त्येंनीच घ्यावं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतके दिवस या माणसांनी एकच गोष्ट पाहिली होती, की करवत जितकी जास्त ओढते तितका पंखा कमी फिरतो. म्हणून आजच्या दिवशी त्यांनी आपापसात ठरवून, आपल्या वाट्याचं सगळं इंजिन प्रेमाने आतोबांच्या पंख्याला बहाल करून टाकलं होतं. मी घसा फोडून ओरडलो, "अरे, पंखा जळतोय! मामा लोढण्याशी झटताहेत!" देवूचा चेहरा पडला. ती सहा माणसं ओंडक्यांवर तुटून पडली, पट्टा चढवला, आणि घाईत हाताला जो ओंडका आला तो लावला. तो होता मत्तीचा, चार जणांच्या कवेत न मावणारा. करवत त्यात घुसली आणि इंजिनाने जीभ बाहेर काढली. छपरातून आतोबांचा आवाज आला, "कोकम! कोकम! अरं मारता काय आता?" मग ओंडका मागे, बारीक लाकूड पुढे, पत्रे थोडे वर, आणि हळूहळू, श्वास परत यावा तसा, दिवा हळदीवर आला.

आत काय झालं ते सोमाने पुढे महिनाभर सगळ्या गावाला सांगितलं, कारण तो दोरी धरून खिडकीशीच बसला होता. साहेब लाकडाविषयी बोलत असताना पंखा एकाएकी असा फिरला की मेजावरचे कागद उडाले, मालकांच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाचं टोक सुटून साहेबांच्या सरबतात पडलं, आणि साहेबांची टोपी खुंटीवरून उडून कोपऱ्यात गेली. मालक पांढरे पडले. मग पंखा एवढा मंद झाला की त्याच्या पाती मोजता याव्यात. सोमाने दोरी घट्ट धरली, देवाचं नाव घेतलं आणि ओढली नाही. कारण पंखा मंद झाला होता, पण थांबला नव्हता. मग तो पुन्हा नेहमीसारखा फिरू लागला. साहेबांनी वर बघितलं आणि कौतुकाने विचारलं, "याला तीन चाली आहेत वाटतं?" मालक लाकडाचे व्यापारी होते, वेळ ओळखायचे. ते घाम पुसत म्हणाले, "आहेत तर! आमचा माणूस तिकडे बसून बदलतो." साहेबांना मधली चाल सगळ्यात आवडली.

साहेब गेल्यावर मालक स्वतः चालत छपरात आले. आतोबा जमिनीवर बसले होते, पाट मांडीवर, पाट वाफेने शेकून वाकलेला, पायांभोवती शिजलेली तोरं. मालक म्हणाले, "काय पाहिजे ते मागा." आम्हाला वाटलं, इंजिनाचे नवे गोळे मागतील. आतोबा म्हणाले, "ती दोरी द्या." मालकांना काही कळलं नाही, पण त्यांनी दिली. आतोबांनी ती कापडी पंख्याची दोरी गुंडाळली, भट्टीचं दार उघडलं आणि आत टाकली. गोळे मालकांनी नंतर आपणहून बदलले. देवू दोन दिवस आतोबांना तोंड दाखवेना. शेवटी आतोबाच त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "तू तुझा वाटा दिलास गा. माझं सांगायचं चुकलं." आत्याशी मात्र ते आठवडाभर फक्त पिंपाविषयी बोलले.

त्या संध्याकाळी सोमा आतोबांच्या ओट्यावर येऊन बसला. आतोबांनी पाय पसरले होते, आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गोल, खोल खाच मला पहिल्यांदा दिसली. मी विचारलं, हे कशाने झालं. आतोबा उठून आत गेले. सोमा म्हणाला, "दोरीनं. आमी दोघं पोरपणी सुप्याला एका साहेबाच्या बंगल्यावर एकाच दोरीला हुतो. अंगठ्याला बांधून ओढायची. हात भरून आलं की ह्यो म्हनायचा, ईस माजं, ईस तुजं. मोजून. एक बी जास्त न्हाई, एक बी कमी न्हाई." मला एकदम माझे वडील, त्यांचा डावा हात आणि तो विंझणा आठवला. मी तिथून उठलो आणि उगाचच विहिरीवर जाऊन तोंड धुतलं.

पुढे बरीच वर्षं गेली. लाकूड संपत आलं तशी गिरणी बंद पडली, मालक बेळगावला परतले, पंखा त्यांच्याबरोबर गवतात गुंडाळून, शाबूत गेला. गाडी वळणाआड होईपर्यंत आतोबा उभे होते. "गचके बसतील त्येंला," एवढंच म्हणाले. सोमा त्याच्या आधीच गेला होता, खांद्याला तेल न लावता, झोपेत. मी खानापुराला दुकानात लागलो. एका एप्रिलमध्ये आत्याचा निरोप आला की आतोबांना ताप उतरत नाही, म्हणून जोयड्याला गेलो.

दुपारची वेळ होती. पान हलत नव्हतं. आतोबा घोंगडीवर डोळे मिटून पडले होते, मिशा पांढऱ्या आणि कोरड्या. उशाशी तो वाकलेला पाट होता. आत्या शेजारी बसून विंझण्याने वारा घालत होती आणि घरच्या कायद्याप्रमाणे मोठ्याने मोजत होती. "सतरा, अठरा, एकोणीस," आणि मग जराही न थांबता, "एक, दोन, तीन." मी चमकून तिच्याकडे बघितलं. तिने डोळे वटारून मला गप्प राहायला सांगितलं. पुन्हा तेच. एकोणीस, आणि मग एक. आतोबांची पाळी येऊच नये म्हणून ती अख्खी दुपार वीस हा आकडा चोरत होती. आणि ज्या माणसाला इंजिनाचा अर्धा फेरा कमीजास्त झालेला झोपेत कळत असे, त्याला हे कळत नव्हतं असं मी मुळीच मानणार नाही. त्यांचा हात घोंगडीवरून जरासा उचलला, विंझण्याकडे येऊ लागला, आणि मध्येच खाली राहिला. त्यांनी डोळे उघडून आत्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, जसे ते त्या दिव्याकडे बघायचे.

"हळद हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.

आत्याने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.